पुलाच्या मधोमध, सकाळी साडेनऊ

४ सप्टेंबर

चिरंजीव धाकट्यास,

मायना चार वेळा बदलला. ‘प्रिय’ लिहिलं तर तू म्हणशील, कधीपासून? ‘तीर्थरूप’ लिहावं तर तू माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. शेवटी ‘चिरंजीव’ ठेवलं. त्यात तू पुष्कळ जगावंस एवढीच अपेक्षा आहे, आणि तेवढी बाळगायचा हक्क सात वर्षांच्या अबोल्यानंतरही मोठ्या भावाला असावा.

पत्ता तुझ्या बायकोने दिला. तिच्यावर रागावू नकोस. तिने तुझ्या वहिनीला दिला, वहिनीने मला. मी फक्त प्रवाहाच्या शेवटी उभा होतो.

मास्तरांनी शिकवलेला सूचीकटाह न्याय तुला आठवत नसेल, कारण त्या तासाला तू वर्गात नसायचास. लोहाराकडे एकाच दिवशी सुई आणि कढई करायला आली, तर तो आधी सुई करतो. सोपं आधी, अवघड मागून. तेव्हा आधी सुई.

सोबत एक छापील कागद आहे. वर लिहिलंय, ‘नमुना घेणाऱ्याचे निवेदन’. त्यावर तारीख, वेळ आणि जागा भरायची आणि खाली सही करायची. ज्या बरणीत तू पुराचं पाणी भरून आणलं होतंस, त्या बरणीसाठी ते हवंय.

आता कशाला, असं विचारशील. गेल्या वर्षी आमच्या कार्यालयाने पुलाच्या तिसऱ्या खांबाला एक यंत्र बांधलं. दर पंधरा मिनिटांनी ते पाण्याचा गढूळपणा मोजतं. ते जेवायला जात नाही, रजा टाकत नाही, पुराला भीत नाही. थोडक्यात, सरकारी नोकरीला अगदीच नालायक. त्याने वर्षभर मोजून सांगितलं की नदी खाडीत जेवढा गाळ आणते, त्यातला निम्म्याहून जास्त ती पुराच्या दोन दिवसांत आणते. आणि आम्ही बावीस वर्षं दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी, चहा झाल्यावर, आभाळ बघून पुलावर जात होतो. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच. पण तिला एक अट असते, भात ढवळलेला हवा. आम्ही बावीस वर्षं वरचं शीत दाबलं आणि ‘छान शिजलाय’ असं लिहिलं. तळाला करपलंय, हे तू सांगत होतास.

आता जुने हिशेब पुन्हा उघडलेत. माशांच्या पिंजऱ्यांचे परवाने ज्यांचे गेले, त्यांना ३० नोव्हेंबरपर्यंत पुन्हा अर्ज करता येईल. पण नवं यंत्र नव्या वर्षांचं सांगतं. त्या वर्षीचा पुराचा नमुना जगात एकच आहे, तुझा. तो ग्राह्य ठरला नाही तर जुना निकाल तसाच राहील.

मला त्या दिवशी ताप होता, हे तुला कदाचित माहीत नसेल. नाहीतर मीच गेलो असतो पुलावर.

घरी ठीक. वहिनीच्या निळ्या झाकणांच्या सहा बरण्या आठवतात? त्यातल्या कित्येक वर्षं पाचच आहेत. झाकणं मात्र सहा. मी शास्त्रशुद्ध तपास केला होता. घरात नाही, शेजारी नाही, फुटल्याची काच नाही. म्हणजे तिच्या बहिणीने नेली. तसं बोललोही. वहिनी गप्प राहिली. मौनं सम्मतिलक्षणम्.

तुझी पंपदुरुस्ती कशी आहे? नदी नाही, तळं नाही, अशा गावी जाऊन तू राहिलास. जागा विचार करून निवडलीस.

तुझा,
दादा

१९ सप्टेंबर

चिरंजीव,

पत्र परत आलं. पाकिटावर पोस्टाचा ‘घेण्यास नकार’, आणि त्याखाली, पोस्टाला गरज नसताना, तुझ्या अक्षरात पुन्हा एकदा ‘नकार’. खाली रेघ. द्विरुक्तीने जोर येतो हे तुला कोणी शिकवलं? त्याही तासाला तू खिडकीतून पळाला होतास.

या वेळी पाकिटावरचा पत्ता वहिनीने लिहिलाय. फसवणूक आहे, मान्य. आत तेच जुनं पत्र आहे आणि हे नवं. दोन्ही फाडलीस तरी कागद तेवढा ठेव.

तुला ठाऊक असलेलीच गोष्ट पुन्हा सांगतो, कारण माझ्या तोंडून ती तू कधी नीट ऐकली नाहीस. मी नेहमी अहवालाच्या भाषेत सांगितली, आणि त्या भाषेत कर्ता नसतो. ‘ठरविण्यात आले.’ ‘आढळून आले.’ कोणाला आढळलं ते देवाला माहीत.

त्या वर्षी खाडीतले मासे मेले. आधी हिरवं शेवाळ, मग वास, मग चौकशी. खाडीत वर्षाला शंभर टन स्फुरद येतंय असं वरून ठरून आलं. शेतातल्या खतात असतं तेच, गाळाला चिकटून येणारं, शेवाळ पोसणारं. त्यातलं नदी किती आणते, हे मोजायचं काम माझं. बारा बुधवारच्या बारा बाटल्या, त्यांना वर्षभराच्या पाण्याने गुणलं, बासष्ट टन आले. शंभरातून बासष्ट गेले, उरले अडतीस. ते कोणाचे? किनाऱ्यावर कारखाना नाही, शेत नाही. राहिले नऊ घरांचे माशांचे पिंजरे आणि त्यांत पडणारं खाद्य. सगळ्यांत जास्त पिंजरे तुझे. चौदा.

शास्त्रात याला परिशेष म्हणतात. जे जे नाही ते वगळत गेलं की उरतं ते खरं. नैयायिकांना तो फार प्रिय. फक्त वगळलेलं प्रत्येक नीट तपासलेलं असलं पाहिजे, नाहीतर उरतं ते सत्य नसतं, गरीब असतं. हे वाक्य मला आत्ता सुचलं. सात वर्षांपूर्वी सुचतं तर बरं झालं असतं.

मी आकडा दिला तेव्हा ‘बासष्ट’च्या पुढे ‘अधिक-उणे’ होतं. मोठे साहेब म्हणाले, “हे शेपूट कशाला? सुनावणीत विचारतील, अधिक की उणे, काय ते एक सांगा. तुमची खात्री आहे ना?”

“आहे,” मी म्हणालो.

शेपूट कापलं. पुढे दोन वर्षांनी साहेब सुखाने निवृत्त झाले. त्यांच्यावर ढकलावं असं फार वाटतं, पण ते ‘आहे’ माझ्याच आवाजात होतं.

मग सुनावणी. तू बरणीचं सांगितलंस. अध्यक्षांनी नोंदवही पुढे ओढली आणि विचारलं, “पुलाच्या मधोमध भरलं म्हणता? इथे तर लिहिलंय, त्या दिवशी सकाळपासून पूल बंद होता.” तू माझ्याकडे पाहिलंस. बराच वेळ. मग म्हणालास, “मग काठावरून भरलं असेल. नक्की आठवत नाही.” आता सांग, तुझंच उत्तर असं डळमळीत, तिथे मी काय करणार होतो? बरणी बाद झाली. काठाचं पाणी नदीचं धरत नाहीत.

बाहेर पायऱ्यांवर तू एवढंच बोललास, “दादा, तू मला मोजलंच नाहीस. बाकी सगळं मोजलंस आणि मला उरवलंस.” त्यानंतर आपण बोललो नाही.

कागदावर सही कर. एवढंच.

दादा

६ ऑक्टोबर

धाकट्या,

तुझं कार्ड मिळालं. तीन शब्द: ‘बरणी आहे का?’ अक्षरांपेक्षा तिकीट मोठं. पण मी ते कार्ड दिवसभर खिशात घेऊन फिरलो, आणि वहिनीने दोनदा विचारलं की छातीत दुखतंय का, सारखा हात कशाला जातोय तिथे.

आहे. प्रयोगशाळेतल्या लोखंडी कपाटाच्या सर्वांत खालच्या कप्प्यात, मोडक्या तराजूच्या मागे. झाकण नाही, तोंडावर तू बांधलेलं प्लास्टिक आणि त्यावर जाळ्याच्या दोऱ्याची ती गाठ, जी कोणालाच सुटत नाही. मी तेव्हा मोजण्यापुरतं पाणी प्लास्टिकला भोक पाडून काढलं होतं आणि वर मेण लावलं होतं. उरलेलं पाणी आता नितळ झालंय, पिण्याजोगं दिसतं. तळाशी मात्र गाळाचा तपकिरी थर आहे. वर माझ्या अक्षरात ‘अग्राह्य’ अशी चिठ्ठी, आणि तिच्याखाली तुझ्या अक्षरातली, पेन्सिलने: ‘पुलाच्या मधोमध. सकाळी साडेनऊ.’ तारीखही आहे. तुझा ‘ध’ अजून ‘घ’सारखाच.

तेव्हा मोजल्यावर काय आकडा आला होता, हे मी तुला कधी सांगितलं नाही. बुधवारच्या बाटल्यांत लिटरला चाळीस मिलिग्रॅम गाळ यायचा. तुझ्या बरणीत दोन हजार नऊशे आला. मी काटा पुन्हा तपासला, पुन्हा मोजलं, तेवढाच. मग मी चिठ्ठीवर तीन कारणं लिहिली. एक, नमुना अधिकृत माणसाने घेतलेला नाही. दोन, भांडं प्रयोगशाळेचं नाही, घरगुती आहे. तीन, आणणारा हितसंबंधी आहे. तिन्ही नियमात बसतात. वर माझा भाऊ म्हणून कोणी बोट दाखवायला नको, हेही होतंच. कार्यालयात सगळे म्हणाले, सख्ख्या भावाचीही गय केली नाही, याला म्हणतात माणूस. मला ते आवडलं, धाकट्या. खोटं कशाला बोलू?

आमच्याकडे एक नवी रसायनज्ञ आलीय. हुद्द्याने कनिष्ठ, म्हणून मी तिला ‘कनिष्ठा’ म्हणतो. कनिष्ठा म्हणजे करंगळी, हे तिला माहीत आहे आणि ती मला ‘अंगुष्ठ सर’ म्हणते. जुने हिशेब तीच उघडतेय. बरणी तिने शोधून काढली, मी नाही. परवा ती बरणी एका हातात आणि नोंदवही दुसऱ्या हातात घेऊन माझ्या टेबलाशी आली.

“सर, या दिवशी पुराच्या जादा नमुन्यासाठी पुलावर पाळी तुमची होती.”

“होती.”

“तुम्ही लिहिलंय, ‘पूल बंद. नमुना घेता आला नाही.’ वेळ, सकाळी आठ.”

“बरं.”

“मी वाहतूक चौकीची वही मागवली. त्यांनी पूल बंद केला साडेबाराला.”

मी म्हणालो, चौकीवाल्यांच्या घड्याळावर माझा कधीच विश्वास नव्हता. ती हसली नाही. ती एरवी माझ्या फालतू विनोदांनाही हसते.

“सर, बरणी खरी धरायची तर ही नोंद खोटी ठरते. नोंद खरी धरायची तर बरणी खोटी. दोन्ही एका वहीत राहू शकत नाहीत. मी काय लिहू?”

मी म्हणालो, “दोन दिवस दे.”

ताप होता मला त्या दिवशी, हे तुला लिहिलंच आहे.

दादा

७ ऑक्टोबर

धाकट्या,

कालचं पत्र पेटीत टाकलं आणि घरी येईपर्यंत शेवटची ओळ दातात अडकलेल्या तंतूसारखी बोचत राहिली. आता कढई.

ताप नव्हता.

मी सकाळी सातला उठलो. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट काढून दाराशी ठेवले. बाटली, दोरी, शिशाचं वजन, सगळं तयार. खिडकीतून पुलाचं एक टोक दिसतं, तुला माहीत आहे. पाणी तपकिरी नव्हतं, जवळजवळ काळं होतं, आणि त्यातून आख्खं झाड आलं आणि खांबाला धडकलं. त्या धडकेचा आवाज घरापर्यंत आला. पूल हलला. मी पाहिलं. त्यानंतर मी काय पाहिलं ते आठवत नाही, कारण मी खिडकीपाशी नव्हतोच.

आठ वाजून दहा मिनिटांनी मी कार्यालयात फोन केला की पूल बंद आहे. वहिनीला सांगितलं, ताप भरलाय. तिने कपाळाला हात लावला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि स्वयंपाकघरात निघून गेली. मी आतल्या खोलीत पांघरूण घेऊन पडलो. एकोणपन्नास वर्षांचा माणूस, डोक्यावरून पांघरूण घेऊन. साडेबाराला पूल खरंच बंद झाला, त्यामुळे कोणालाच शंका आली नाही. माझं खोटं फक्त साडेचार तासांचं होतं. पण कनिष्ठेच्या हिशेबाने त्याच साडेचार तासांत नदीने कित्येक महिन्यांचा गाळ वाहून नेला.

आणि दुपारी, ताप उतरला असं सांगून मी कार्यालयात गेलो होतो तेव्हा, तू आलास, चिखलाने कंबरेपर्यंत माखलेला, हातात बरणी. “दादा, हे मोज. मग बोल पिंजऱ्यांबद्दल.” मी चिठ्ठी वाचली. पुलाच्या मधोमध. सकाळी साडेनऊ. जिथे मी असायला हवा होतो, तिथे तू उभा राहिला होतास. आणि मी ज्या वेळी पूल बंद केला होता, त्या वेळी तू त्याच्यावरून चालत गेला होतास.

नियमातली तीन कारणं मी नंतर शोधली. चौथं आधी आलं होतं: बरणी स्वीकारली तर माझं खोटं उघडं पडतं. म्हणून मी तुझं खरं बाद केलं. सुनावणीत नोंदवहीपुढे तू दबलास आणि ‘आठवत नाही’ म्हणालास, तेव्हा मला काय वाटलं सांगू? हायसं वाटलं.

सात वर्षं तू मला नियमावर बोट ठेवणारा, वाळक्या लाकडासारखा माणूस समजत आलास. मी तुला तसं समजू दिलं. भित्रा म्हणवून घेण्यापेक्षा निष्ठुर म्हणवून घेणं मला परवडलं.

आज सकाळी कनिष्ठेला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “लिहून द्याल?”

“देतो,” म्हणालो.

दादा

२ नोव्हेंबर

धाकट्या,

तुझं काही नाही. अपेक्षाही नव्हती, म्हणजे होती, पण तिच्या पुढे भरपूर अधिक-उणे होतं.

इथलं कळवतो. लिहून दिलं. संचालकांनी वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि म्हणाले, “अहो, दोन वर्षं राहिली होती तुमची.” चौकशी बसलीय. सही करायचा अधिकार काढून घेतलाय. टेबल भांडाराशेजारी हलवलंय, तिथे रिकाम्या बाटल्यांचे खोके आहेत आणि संगत चांगली आहे. शिपाई अजून चहा आणतो, पण आता बशीशिवाय. सेवेत बशी केव्हा मिळते आणि केव्हा जाते, याचा नियम कुठल्याच पुस्तकात नाही, तरी चुकत नाही.

आता महत्त्वाचं. कनिष्ठेने तुझी बरणी धरून ते वर्ष पुन्हा मांडलं. तेरावा नमुना. तो एकटाच पुराचा असल्यामुळे आकडा घट्ट बसत नाही. जसा ओढावा तसा लांबतो. नदीचा वाटा अठ्ठावन्न टनांपासून एकशे दहा टनांपर्यंत काहीही असू शकतो. वरचा शंभराचा आकडा खरा मानला, तर पिंजऱ्यांचा वाटा बेचाळीसपासून उणे दहापर्यंत. उणे दहा म्हणजे तुझे मासे खाडी धुऊन देत होते. मी कनिष्ठेला म्हणालो, हे माझ्या भावाला कळवायलाच हवं, तो आधीच स्वतःला फार समजतो.

पण धाकट्या, हसण्यावारी नेऊन चालणार नाही. तुला कदाचित माझ्याकडून एक वाक्य हवं असेल: ‘तू निर्दोष होतास.’ ते मी लिहू शकत नाही. तुझं खाद्य पाण्यात पडत होतं, ते खाली बसत होतं, त्याचं काहीतरी होतच असणार. किती, ते मला माहीत नाही. तेव्हाही माहीत नव्हतं. ‘माहीत नाही’ एवढंच त्या सुनावणीत म्हणायचं होतं. ते शब्द सापडले असते तर नऊ घरांची जाळी किनाऱ्यावर कुजली नसती. मी ते म्हटलं नाही, कारण माहीत का नाही असं विचारलं असतं, आणि त्याचं उत्तर पांघरुणाखाली होतं.

आता पुन्हा खात्रीने बोलायची चूक तुझ्या बाजूने करावी, असा मोह फार होतो. करणार नाही. तुला नवा खोटा आकडा द्यायचा नाहीये मला.

माझी नोंद मी मागे घेतली आहे. आता फक्त तुझं निवेदन हवं, भरणाऱ्याचं. ते आलं की बरणी ग्राह्य. बाकीच्या आठ घरांपैकी पाच अजून इथेच आहेत. परवा त्यांच्यातली म्हातारी वाटेत भेटली, जिचे दोन पिंजरे होते. म्हणाली, “तुमचा धाकटा सही करतोय ना?” मी म्हणालो, बघू. म्हणाली, “तुमच्यासाठी नसेल करायची त्याला, आमच्यासाठी तरी करेल.”

तिच्यासाठी कर.

दादा

२१ नोव्हेंबर

धाकट्या,

काल पाकीट आलं. आत पत्र नाही, कार्ड नाही, फक्त तो छापील कागद, घडीवर पंपाच्या तेलाचा डाग. जागा: पुलाच्या मधोमध. वेळ: सकाळी साडेनऊ. सही. मी खुर्चीतच ‘आली’ असं मोठ्याने म्हणालो.

मग ‘शेरा’ हा रकाना पाहिला. तिथे कोणीच कधी काही लिहीत नाही. तू लिहिलंयस:

‘पूल उघडा होता. दादाचे बूट घरी होते.’

मी ते किती वेळा वाचलं ते सांगत नाही. कागद घेऊन स्वयंपाकघरात गेलो. वहिनी भांडी पुसत होती. तिच्यापुढे धरला. तिने वाचला, हात पुसले, पुन्हा वाचला.

“तो आला होता त्या दिवशी?” मी विचारलं.

“नऊच्या सुमाराला. म्हणाला, वहिनी, दादा कुठाय, दोघं मिळून जाऊ पुलावर, एकट्याला दोरी आवरायची नाही.”

“मग?”

“मी म्हटलं, ते कधीच गेले पुलावर. आणि बूट त्याच्या पायाशीच.”

“खोटं बोललीस?”

“मग काय सांगू दिराला? घरातला मोठा माणूस पांघरुणात लपलाय म्हणून?” ती भांड्याकडे वळली. “त्याने बुटांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाला, बरं. एखादी बरणी दे. मी दिली. झाकण सापडेना, त्याला घाई. तसाच गेला.”

“सात वर्षं बोलली नाहीस.”

“तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही सांगितलंत, माझ्या बहिणीने नेली.”

मी स्टूल ओढून बसलो. स्वयंपाकघरात स्टूल असतं हे बरंच आहे.

म्हणजे सुनावणीत तू दबला नव्हतास. अध्यक्षांनी नोंदवही दाखवली तेव्हा तू माझ्याकडे पाहत होतास, ते मी बोलेन म्हणून. मी टेबलाकडे पाहत होतो. एवढंच वाक्य तुझ्या तोंडात होतं, आता शेऱ्यात लिहिलंस ते. ते बोलला असतास तर परवाना राहिला असता आणि माझी नोकरी गेली असती. तू म्हणालास, ‘नक्की आठवत नाही.’ आणि सप्टेंबरात मी तुला ऐटीत लिहिलं, तुझंच उत्तर डळमळीत! ते पत्र जवळ असेल तर जाळ. नाही, ठेव. ठेवच.

पहिल्या पत्रावर ‘नकार’ का लिहिलास, तेही आता कळतंय. तू सात वर्षं माझ्या एका वाक्याची वाट पाहिलीस, आणि मी आलो तो कार्यालयाचा शिक्का असलेल्या पाकिटातून, सही मागायला.

आज सकाळी कार्यालयात निघताना मी वरच्या फळीवरून ते सहावं निळं झाकण काढलं. वहिनीने बघितलं, काही बोलली नाही. या वेळी मी त्याचा अर्थ लावायला गेलो नाही. भांडाराच्या टेबलावर कनिष्ठेने बरणी आणून ठेवली. मी म्हणालो, तुझ्या गाठीला हात लावायचा नाही, प्लास्टिकवरूनच बघू. झाकण ठेवलं, फिरवलं. पहिल्याच फेऱ्याला बसलं.

बावीस वर्षं मी नमुने ओळखण्याचा पगार घेतला. स्वतःच्या घरची बरणी सात वर्षं माझ्या कपाटात होती, आणि मी तिच्यावर ‘भांडं घरगुती’ असं लिहून ठेवलं होतं.

कनिष्ठा म्हणाली, “सर, शेरा जोडायचा का? निवेदन तेवढंच पुरतं. शेरा ऐच्छिक असतो.” फार चांगली मुलगी आहे. मी म्हणालो, जोड. मग नोंदवही मागून घेतली. ‘पूल बंद’वर लाल रेघ मारली आणि तुझं वाक्य त्याच ओळीत उतरवलं. फक्त एक बदल केला. तू लिहिलंस ‘दादाचे बूट घरी होते.’ मी लिहिलं, ‘मी घरी होतो.’ खाली सही. अधिकार नाही सहीचा, पण कोणी अडवलं नाही.

वहीत नमुना घेणाऱ्याचा रकाना असतो. तिथे बावीस वर्षं माझंच नाव आहे. त्या तारखेपुढे ते खोडून तुझं लिहिलं, पूर्ण, वडिलांच्या नावासह.

बरणी ग्राह्य झाली. सकाळी अकरा वाजता. म्हातारीला निरोप पाठवलाय. तिचा अर्ज तयारच होता म्हणे, दोन महिन्यांपासून.

तुझा कोरा अर्ज सोबत पाठवतोय. भरायलाच हवा असं नाही. सात वर्षांत माणूस दुसरीकडे रुजतो, आणि पंपांनाही कोणीतरी लागतंच. मुदत ३० तारखेपर्यंत आहे, नऊ दिवस.

वरच्या धरणातून परवा पाणी सोडणार आहेत. पूर नाही म्हणता येणार, पण नदी बरीच चढेल. यंत्र मोजेलच, तरी यंत्राच्या पडताळणीला हाताने भरलेली एक बाटली लागते. कनिष्ठेने पाळी लावली, मी माझं नाव पुढे केलं. चौकशी चालू असताना चालतं का, हे तिने विचारून घेतलंय. चालतं. बूट आत्तापासून दाराशी ठेवलेत. वहिनी येता-जाता त्यांच्याकडे बघते.

एक विचारायचं होतं. पुलाच्या मधोमध, पूल हलतो तेव्हा, तू कशाला धरून उभा राहिलास?

दादा